क्षेत्रफळ विचारलं की परिमिती काढतो

"मॅडम, पाढे तोंडपाठ आहेत, गुणाकार चुकत नाही. पण क्षेत्रफळ विचारलं की परिमिती काढतो आणि परिमिती विचारली की क्षेत्रफळ. याला गणिताची काही अडचण तर नाही ना?"

पाचवी-सहावीच्या मुलांचे पालक हा प्रश्न घेऊन वारंवार येतात. या वेळी तो गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका आईचा होता. (घरचे तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत.) मुलगा चौथीपर्यंत मराठी शाळेत होता, पाचवीपासून इंग्रजी माध्यमात. माध्यम बदललं म्हणून हे होतंय, असं आईला वाटत होतं. मी मराठीतून विचारलं, तरी गोंधळ तोच.

वही बघितली. जवळजवळ प्रत्येक उदाहरणाखाली एक सूत्र लिहून खोडलेलं आणि त्याखाली दुसरं. लिहिताना मुलगा आधी आईच्या चेहऱ्याकडे बघायचा, मग खोडरबर उचलायचा. याला निष्काळजीपणा म्हणणं अन्यायाचं आहे. तो घाबरून अंदाज करत होता.

मी वही मिटली आणि कुळागराचं, म्हणजे माड-पोफळीच्या बागेचं, उदाहरण घेऊन विचारलं, "कुळागराला कुंपण घालायचं, तर काय मोजशील?" त्याने बोट हवेत गोल फिरवलं. "आणि अंगण सारवायचं असेल तर?" तळहात टेबलावर पसरून म्हणाला, "सगळं आतलं." म्हणजे अर्थ त्याला पक्का कळत होता. सूत्रं मात्र त्या अर्थाशी कधी जोडलीच गेली नव्हती.

वहीत एक जागा फार बोलकी होती. बाजू 4 असलेल्या चौरसाची परिमिती 16, क्षेत्रफळही 16, आणि दोन्हींवर बरोबरची खूण. "दोन्ही एकच येतं ना?" त्याने मला विचारलं. त्या एका उदाहरणावरून त्याने मनाशी नियमच बांधला होता. एकक बघायला कुणी शिकवलं असतं, तर पहिलं 16 लांबीचं आणि दुसरं 16 चौरसांचं, हे तिथेच उलगडलं असतं. नवीन शिकवताना हा चौरस पहिल्या दिवशी घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग आम्ही जमिनीवर बसलो. चौकोनी लाद्यांच्या 20 बाजू भरतील एवढ्या सुंभाची गाठ मारून कडं केलं आणि लाद्यांच्या रेषांवर ठेवलं. 9 बाय 1 केलं, आत 9 लाद्या. 8 बाय 2 केलं, 16. मग 21, 24, आणि 5 बाय 5 ला 25. सुंभ तेवढंच, आतली जागा वाढत गेली. तो स्वतःच पुन्हा पुन्हा मोजत राहिला. शेवटी 6 बाय 4 च्या आयताची एका कोपऱ्यातली लादी बाहेर राहील असं सुंभ आत वळवलं. लादी कमी झाली, पण सुंभ पुरलं, उरलं नाही. यावर तो बराच वेळ विचार करत बसला, आणि मी मध्ये बोलले नाही. इथे घाई करून उत्तर सांगणारी मोठी माणसं मुलाचा हक्काचा आनंद हिरावून घेतात.

चतुर्थी जवळ आली होती. घरी आजोबा माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं टांगायची लाकडी चौकट, बांधतात, असं कळलं. आईला म्हटलं, उदाहरणं काही दिवस बाजूला ठेवा, त्याला आजोबांबरोबर बसवा. बाहेरच्या चौकटीला किती लाकूड लागेल, आतल्या किती घरांत फळं टांगता येतील, हे त्याने आधी सांगायचं आणि मग मोजायचं. सूत्र त्यानंतर.

आईच्या मूळ भीतीविषयीही बोललो. दोन सूत्रांची अदलाबदल एवढ्यावरून गणित-अक्षमता ठरत नाही. लहान संख्यांत मोठी कुठली हे न कळणं, साधी बेरीजही बोटांशिवाय न जमणं, घड्याळ आणि पैसे यांत सतत अडखळणं, असं बराच काळ टिकून राहिलं तर मात्र तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. या मुलात त्यातलं काही नव्हतं.

आता तो उदाहरण वाचल्यावर आधी आकृतीच्या कडेने पेन्सिल फिरवतो किंवा आतला भाग हलकेच रंगवतो, मगच आकडेमोड. एल आकाराच्या आकृतीत न दिलेली बाजू शोधताना अजून चुकतो. त्यासाठी पुढच्या भेटीला चौकटीचा कागद आणि कात्री आणायला सांगितलं आहे.