वडील जेलमध्ये आहेत, हे मुलाला कसे सांगावे?

गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांमध्ये काम करताना ‘पोरगं बापाच्या वळणावर तर जाणार नाही ना?’ असे अनेक आया मला विचारतात. त्यांपैकी एका कुटुंबाची हकीकत, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून, येथे देत आहे.

आई चेंबूरला घरकाम करते. रिक्षा चालवणारा नवरा आधी एमडी या अमली पदार्थाच्या पुड्या पोहोचवू लागला, पुढे घरातूनच विकू लागला आणि अखेर पकडला गेला. ‘पप्पा गावी गेलेत’ असे तिने अकरा वर्षांच्या मुलाला सांगितले होते. मुलगा मात्र शाळेत जाईनासा झाला होता आणि दारावर थाप पडली की आधी दिवा मालवत होता. दोन हलक्या थापा म्हणजे गिऱ्हाईक, हे त्याला बापाच्या अटकेच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. आई जे लपवत होती ते त्याला माहीत होते. तिला वाईट वाटू नये म्हणून तो काही कळत नसल्याचे दाखवत होता, आणि हे ओझे त्या वयाला फार जड होते.

शिवाय ‘पप्पा गावी गेलेत’ हे खोटे फार काळ टिकणारे नव्हते. मेफेड्रोन म्हणजेच एमडी 2015 पासून एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आहे. 50 ग्रॅमहून अधिक माल सापडला, जसा येथे सापडला होता, तर जामीन मिळणे अवघड असते आणि गुन्हा सिद्ध झाल्यास किमान 10 वर्षांची सक्तमजुरी होते.

‘तुझा बाप वाईट आहे, त्याला विसर’ असे एकदाच सांगून टाकावे, असे आईला वाटत होते. मी तिला त्यापासून परावृत्त केले. मुलाच्या तापात रात्रभर जागणारा आणि क्लासची फी भरणारा हाच बाप होता. ती फी कुठून येत होती हे कळल्यावरही मुलाची माया आटली नव्हती, आणि ती आटावी अशी अपेक्षा आपण का करावी? धंदा वाईट होता हे स्पष्ट सांगावे, पण बापावर प्रेम करण्याची लाज मुलाला वाटू देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

‘पप्पा जेलमध्ये आहेत, कारण ते एमडी विकत होते. यात तुझी चूक नाही,’ ही वाक्ये आईने माझ्यासमोर म्हणून पाहिली आणि मग घरी सांगितली. त्यावर मुलगा म्हणाला, “मी पण एकदा पुडी नेऊन दिली होती. मलाही पकडतील?” शाळा सुटण्याचे खरे कारण हे होते. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 78 नुसार मुलाकडून अमली पदार्थांची ने-आण करवून घेणारा दोषी ठरतो आणि त्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, हे मी त्याला सोप्या शब्दांत समजावले.

दरम्यान नवऱ्याचा एक साथीदार ‘वहिनी, दोन दिवस पिशवी ठेवा, रेशनचं मी बघतो’ म्हणत येऊ लागला. जाणूनबुजून घर अशा कामाला वापरू देणे हाही गुन्हा आहे, हे तिला माहीत नव्हते. तिने नकार दिला. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठीचा 15100 आणि मुलांसाठीचा 1098 हे दोन्ही क्रमांक तिने लिहून घेतले. मुलगा आता शाळेत जातो. वडिलांना भेटायला जेलमध्ये जायचे की नाही, हे त्याने अजून ठरवलेले नाही आणि आईनेही घाई केलेली नाही.