सापो-३४ मेम्ब्रेनमधून कार्बन डायऑक्साइडऐवजी मिथेनच जास्त का जातो?

तुम्ही अल्युमिनाच्या नळीवर सापो-३४ चा, म्हणजे वायू गाळणाऱ्या अतिसूक्ष्म छिद्रांच्या स्फटिकांचा, थर चढवलाय आणि आरपार जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइड-मिथेनचं गुणोत्तर ०.६ येतंय. दोष काय, हे तो आकडाच सांगतो. रेणुभार मिथेनचा १६, कार्बन डायऑक्साइडचा ४४. १६ भागिले ४४ चं वर्गमूळ काढा, ०.६० येतं. म्हणजे वायू स्फटिकांच्या छिद्रांतून नव्हे, तर बहुतेक सगळा स्फटिकांमधल्या फटींतून जातोय, नुडसेन प्रवाहाने (अरुंद वाटेत रेणू भिंतींवर आपटत जातात तो). तिथे हलका वायू पुढे. छिद्र ०.३८ नॅनोमीटर, मिथेन जवळपास तेवढाच, कार्बन डायऑक्साइड ०.३३, थर अखंड असता तर आकडा शंभरावर जाऊ शकतो.

आधी दाब वाढवून बघा. पर्मिअन्सही (दाबाच्या प्रमाणात किती वायू जातो तो आकडा) वाढत असेल तर भोक मोठं आहे, किंवा नुसती ओ-रिंग (टोकाचं रबरी सील) गळतेय. नळीच्या जागी तेवढ्याच व्यासाची भरीव स्टीलची सळई बसवून नायट्रोजनचा दाब धरा, लगेच कळेल.

खरी परीक्षा मात्र भट्टीत घालण्याआधीची, आणि नेमकी तीच बरेच जण टाळतात. तेव्हा छिद्रांत टेम्प्लेट (स्फटिक ज्याभोवती वाढतो तो सेंद्रिय रेणू) भरलेलं असतं, त्यामुळे नायट्रोजन जवळजवळ जाताच कामा नये. तरीही गेला तर थर अपुरा आहे: पुन्हा बी (सापो-३४ चे बारीक स्फटिक) चोळा आणि ऑटोक्लेव्हमध्ये (बंद दाबपात्रात) २२० अंशांवर २४ तासांचा दुसरा थर चढवा. आधी घट्ट आणि नंतर गळकी, तर भेगा कॅल्सिनेशनमध्ये, म्हणजे टेम्प्लेट काढायला भट्टीत तापवताना, पडल्या. टेम्प्लेट जाताना स्फटिकाची मापं बदलतात, खालची अल्युमिना मात्र आपल्याच हिशेबाने प्रसरण पावते. ३९० अंश, १० तास. चढ मिनिटाला ०.६ अंश, उतार ०.९. घाई केलीत तर नळी वाया.

थर चांगला असूनही आकडा पडू शकतो, कारण सापो-३४ पाणी ओढतं. पाण्याने छिद्रं बुजली की वाट फक्त फटींची उरते. मोजण्याआधी कोरड्या वायूत २०० अंशांवर तापवा. पावसाळ्यात नळी बाकावर उघडी ठेवूच नका. दमट हवेत महिनोन्‌महिने राहिलेला थर कायमचा बिघडू शकतो.

साबणाच्या बुडबुड्याचा फ्लोमीटर वापरत असाल तर अजून एक: कार्बन डायऑक्साइड साबणपाण्यात विरघळतो. प्रवाह मंद असला की बुडबुडा रेंगाळतो आणि प्रवाहाचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो.