पेठेची वर्गणी

चि. बाळ,

तुझं पत्र घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. तालमीच्या पोरांनी यंदा गणपतीत साउंड सिस्टीम लावली नाही आणि ते पैसे तुझ्या रायफलीसाठी, पुढच्या नेमबाजी स्पर्धेच्या प्रवासासाठी बाजूला काढले, एवढं वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो. मग पुढचं वाचलं. हे पैसे घेणं तुला जड जातंय. मेडल नाही आलं तर पेठेला तोंड कसं दाखवू, असं विचारलंयस.

पैसे घे. आधी एवढं सांगतो, कारणं मग.

रोज खासबागेवरून जातेस ना? शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, तिथं रोमचं कलोसियम पाहिलं आणि १९१२ पर्यंत आपल्या कोल्हापुरात हे कुस्तीचं मैदान उभं केलं. मध्ये हौदा, भोवती चढत गेलेला उतार. सगळ्यात मागच्या माणसालाही कुस्ती दिसली पाहिजे म्हणून. शेजारीच १९१५ साली पॅलेस थिएटर झालं, आपलं आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. भिंतीच्या अलीकडे शड्डू, पलीकडे नाट्यपद. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. त्या सकाळी रस्त्यावर माझ्या वयाची माणसं रडताना मी पाहिली. त्यातल्या कितीतरी जणांनी त्या रंगमंचावर कधी पाऊलही ठेवलं नव्हतं, पण आपल्या घरातलं काहीतरी गेलं असंच त्यांना वाटत होतं. तुझ्या रायफलीकडे पेठ त्याच नजरेनं बघते आहे. म्हणून ती दया नाही, हे आधी मनात पक्कं कर.

आता पैलवान खाशाबा जाधव. गाव कराडजवळचं गोळेश्वर, शिक्षण आपल्या राजाराम कॉलेजात. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं, आणि सहावे आले. सहावा नंबर घेऊन परतलेल्या माणसाला पुन्हा पैसे कोण देणार? तरी १९५२ ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा ते दारोदार फिरले, लोकांनी जमेल तेवढं दिलं, आणि कॉलेजचे प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. त्या काळचे ७,०००! खाशाबांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मला त्याच्या पुढची गोष्ट जास्त मोठी वाटते. परत आल्यावर ते सत्कारात रमले नाहीत. कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि सरांचं घर सोडवलं.

खर्डेकर सरांनी घर गहाण ठेवलं तेव्हा पदक कुणी पाहिलं होतं? त्यांनी पोराची मेहनत पाहिली होती. तालमीच्या पोरांनीही तुला पहाटे सायकलवरून दुधाळीच्या रेंजकडे जाताना पाहिलंय.

माझं एक सांगतो, आजवर कुणाला सांगितलेलं नाही. विशीत एका स्पर्धेसाठी माझी निवड झाली होती. शेजारच्या काकांनी प्रवासाचे पैसे हातावर ठेवले. मी मानी. परत केले, गेलो नाही. काका पुढे कितीतरी वर्षं भेटत राहिले, पण त्या दिवसानंतर आमचं बोलणं पूर्वीसारखं झालं नाही. मला वाटलं होतं मी त्यांचं ओझं टाळलं. खरं म्हणजे मी त्यांचा हात झिडकारला होता.

पैसे घेतलेस की एक वही कर. रायफल, जॅकेट, पेलेटचे डबे, रेल्वेचं तिकीट, सगळं तारखेनिशी लिही, पावत्या चिकटव. दर महिन्याला वही तालमीत नेऊन ठेव, कुणी मागितली नाही तरी. स्कोअरही तिथंच लिही, पडलेला असेल तर पडलेला. मेडलची तारीख मात्र कुणाला देऊ नकोस. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे २०१२ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळत होता. ऑलिंपिकला पोचायला त्याला १२ वर्षं लागली. मधल्या काळात रेल्वेत टीसीची नोकरी केली. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ४५१.४ गुणांवर ब्राँझ आलं तेव्हा आपल्याकडे लोकांनी पहिली आठवण काढली ती खाशाबांची. मध्ये ७२ वर्षं गेली होती.

आणि परतफेडीचं. खाशाबांसारखं मैदान तुला भरवता येणार नाही, पण शिकवता येईल. गवई अल्लादियाखाँसाहेबांना शाहू महाराजांनी दरबारात मान दिला. त्यांचे चिरंजीव भूर्जीखाँ इथं राहिले आणि त्यांनी मल्लिकार्जुन मन्सूरांना, आपल्या कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णींना विद्या दिली. दरबार गेला, गाणं उरलं, कारण कुणीतरी समोर बसवून शिकवलं. तू महिन्यातला एक रविवार पेठेतल्या चार पोरींना दे. उभं कसं राहायचं, श्वास कुठं थांबवायचा, एवढंच दाखव. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत या आपल्या नेमबाजांची नावं त्यांनी ऐकलेली आहेत, पण हात धरून उभं करणारं कुणीतरी गल्लीतलंच लागतं.

नवरात्रात सराव बुडतो म्हणून सणाला तोंड फिरवू नकोस. ललित पंचमीला पहाटे रेंज कर आणि मग त्र्यंबोलीच्या टेकडीवर जा. कोहळा फुटतो तेव्हाच्या त्या गर्दीत मी दरवर्षी असतो.

दसऱ्याला सूर्य मावळायच्या आत दसरा चौकात ये. अंबाबाईची पालखी येईल, शमीपूजन होईल, मग सोनं लुटायला झुंबड उडेल. मूठभर पानं घे आणि थेट तालमीत जा. आधी वस्तादांना दे, पाया पड. मग त्या पोरांना एकेकाला दे, ज्याला यंदा साउंड सिस्टीम हवीच होती त्याला सगळ्यात आधी. त्याचा राग अजून गेला नसेल. त्याला वही दाखव.

तुझे,
सर