सर मत विचारतात आणि पोरगा गप्प बसतो

“घरात ह्याचं तोंड मिटत न्हाई मॅडम. आन् इंग्लिशच्या तासाला मुका. सर म्हणत्यात, ह्याला स्वतःचं मतच न्हाई. डोक्यात काय कमी हाय का, तेवढं बघा.”

पोरगा शेजारीच बसलेला. नववीतला, अंगानं भरलेला, पाय खुर्चीखाली दुमडून. आईचं हे वाक्य आलं तेव्हा त्यानं सॅकची चेन उघडली आणि परत लावली.

सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत दर पावसाळ्यात, पहिली घटक चाचणी झाली की, अशा दोन-तीन आया येतातच. म्हणून ही हकीकत लिहिते आहे. मुलाला इथं विनू म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, लिहायला त्याची आणि आईची परवानगी आहे. गाव कृष्णाकाठचं, घरी ऊस आणि दुभती जनावरं. सातवीपर्यंत गावातली मराठी शाळा, आठवीपासून शहरातली सेमी-इंग्लिश.

आधी नेहमीची चौकशी केली. वर्गात मित्रांशी बोलतो? बोलतो. गणिताच्या, मराठीच्या तासाला? बोलतो, कधी जरा जास्तच. झोप, भूक, खेळ सगळं ठीक. काही मुलं घरी बडबडी असतात, पण शाळेत महिना उलटला तरी कुणाशीच बोलू शकत नाहीत. ती वेगळी गोष्ट आहे, तिथं तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवावंच लागतं. विनूचं तसं नव्हतं. त्याची वाचा जायची ती आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, चौथ्या तासाला.

शुक्रवारी सर ‘डिस्कशन’ घेत. हौशी माणूस. फळ्यावर एक पेच लिहायचा, विचार करायला दोन मिनिटं, मग हो म्हणणारे खिडकीकडे, नाही म्हणणारे दाराकडे, आणि बोलायचं ते इंग्रजीतच. त्या आठवड्यातला पेच हाइन्झ नावाच्या नवऱ्याचा होता. बायको कर्करोगानं मरायला टेकलीय. औषधवाल्याला दोनशे डॉलरला पडलेल्या औषधाचे तो दोन हजार मागतोय. नवऱ्याकडे उसनवारी करून हजारच जमलेत. त्यानं औषध चोरावं का?

“चोरी करावी का असं पोरास्नी इचारायचं, हे कसलं शिक्षण?” आईची ही दुसरी काळजी, आणि ती मला बरेच पालक बोलून दाखवतात.

मी म्हटलं, “ताई, शेजारीण दुधात पाणी घालताना तुम्हाला दिसली, तर डेअरीत सांगाल?”

त्या हसल्या. “तिच्याकडनं हातउसनं घेतलंय की मॅडम!”

पोरं असले पेच घरात रोज बघतात. तुला काय वाटतं, असं त्यांना कुणी विचारत नाही, एवढंच. वर्गात विचारल्यानं चोर तयार होत नाहीत.

आता माझी चूक. मी विनूला बुजरा समजले. आरशासमोर उभा राहून रोज तीन मिनिटं इंग्रजी बोल, असा ठरीव उपाय दिला. पोरगा गुणी, पंधरा दिवस नेमानं केलं. आला आणि खुर्चीवर बसायच्या आधीच घडाघडा म्हणाला, “ही शुड स्टील. लाइफ इज मोअर इम्पॉर्टंट दॅन मनी.”

“छान. तुला पटतं हे?”

त्यानं खांदे उडवले. “इंग्लिशमध्ये पटतं.”

हे उत्तर मी वहीत लिहून ठेवलंय. भाषा आणि मनाचा अभ्यास करणारे अल्बर्ट कोस्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. खाली रुळावरच्या पाचजणांवर गाडी येतेय, पुलावरच्या एका माणसाला तिच्यापुढं ढकललं तर ती थांबून पाच वाचतात, ढकलाल का? मातृभाषेत विचारल्यावर सुमारे २० टक्के लोक हो म्हणाले, शिकलेल्या परभाषेत विचारल्यावर ३३ टक्के. माणसं तशीच, पेच तोच. परक्या भाषेत शब्द काळजाला तेवढे लागत नाहीत, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. विनूच्या बाबतीत कारण आणखी साधंही असेल. त्याच्याकडे जेवढी इंग्रजी होती तेवढ्यात मावणारं मत त्यानं दिलं.

“बरं, आता मराठीत सांग.”

मग थांबेचना. औषधवाल्यानं उधारीवर का दिलं नाही? निम्मे पैसे तर आलेच होते. नवरा तुरुंगात गेला तर बायकोला औषध पाजणार कोण? औषध लागू पडेल हे नक्की आहे का? आणि त्याच्या बायकोला चोरीचं औषध चालेल का, हे तिला कुणी विचारलं? शेवटच्या प्रश्नावर मी पेन खाली ठेवलं. ‘मत नसलेल्या’ पोराचे हे प्रश्न! हा हाइन्झचा पेच मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९५८ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या प्रबंधासाठी वापरला, दहा ते सोळा वयाच्या मुलांबरोबर. त्यांना मुलगा हो म्हणतो की नाही याच्याशी कर्तव्य नव्हतं, तो ‘का’ला काय उत्तर देतो ते हवं होतं. खिडकी आणि दार या वाटणीत नेमका तो ‘का’ सांडत होता.

मी विचारलं, “तुला स्वतःला कधी असं इकडे आड तिकडे विहीर झालंय?”

बराच वेळ चेनशी खेळ. मग २०१९ चा ऑगस्ट निघाला.

त्या महापुराबद्दल सांगलीकरांना काय सांगायचं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्याही वर गेलं होतं. विनू तेव्हा नऊ वर्षांचा. दारात नाव आली, नाववाला म्हणाला, फक्त माणसं. आज्जी म्हशींना सोडून यायला तयार नव्हती. वडलांनी दोन्ही म्हशींची दावी सोडली, पोहून तरी जातील म्हणून. रेडकू मागच्या छपरात बांधलेलं होतं. आज्जी नावेतनं विनूला म्हणाली, “रेडकाचं दावं सोड रं.” वडील ओरडले, “नावेत बस, पाण्यात पाय घालायचा न्हाई.”

तो बसला.

“पाणी उतरल्यावर गेलो तर दावं खुंटीलाच होतं,” एवढंच म्हणाला. आज्जीनं पुढं कधी विषय काढला नाही, हे त्याला जास्त लागलं होतं.

मी घाई केली नाही. पुराची स्वप्नं पडतात का, पाणी वाढलं की छाती धडधडते का, हे विचारून घेतलं. बातम्यांत पातळी सांगायला लागले की तो उठून बाहेर जातो, एवढं निघालं. आईला सांगून ठेवलं, यापेक्षा जास्त काही दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी देते. ती वेळ आली नाही.

पुढच्या वेळी विनूच म्हणाला, “हे इंग्लिशमध्ये कसं सांगायचं?”

मी इंग्रजीची शिक्षिका नाही. पण त्याचं मराठी ऐकताना दोन जागा कानाला लागल्या होत्या. ‘नावेत बसावं लागलं’ आणि ‘दावं सोडायला पाहिजे होतं’. सगळा पेच त्या दोन क्रियापदांत होता. लागलं म्हणजे दुसऱ्यानं करायला लावलं, पाहिजे होतं म्हणजे स्वतःचं स्वतःला बोचतंय. इंग्रजीत पहिल्याला ‘हॅड टू’, दुसऱ्याला ‘शुड हॅव’. विनू दोन्हीकडे ‘शुड’ म्हणत होता, “आय शुड सिट इन बोट, आय शुड लेफ्ट रोप.” ऐकणाऱ्याला काय कळणार? व्याकरणाच्या तासाला हेच त्यानं गाळलेल्या जागा भरून शिकलेलं होतं, बरोबर उत्तरांसह. त्याचा आपल्या रेडकाशी काही संबंध असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

मग एका कार्डावर चार सुरुवाती लिहून दिल्या. ‘आय सी युअर पॉइंट, बट’. ‘इट डिपेंड्स ऑन’. ‘व्हॉट इफ’. आणि ‘आय ॲम नॉट शुअर, बिकॉज’.

चौथी वाचून तो म्हणाला, “हे चालतं? नॉट शुअर?”

“का नाही चालणार?”

“मार्क जातील की.”

सरांना भेटायला मी आईसोबत गेले. मधल्या सुट्टीत, स्टाफरूमच्या दारात, हातात वह्यांचा गठ्ठा धरूनच ते बोलले. वर्गात छपन्न मुलं, तास पस्तीस मिनिटांचा. मराठी बोलू दिलं तर इंग्रजी कधी बोलणार, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. मी एवढंच मागितलं की पहिली पाच मिनिटं बाकावरच्या जोडीदाराशी मराठीत बोलू द्या, मग प्रत्येकानं इंग्रजीत एक वाक्य लिहावं, त्यानंतर तोंडी. हो-नाहीच्या बाजू घ्यायला लावू नका, ‘का’ विचारा. चुका मध्येच दुरुस्त करू नका, शेवटी फळ्यावर दोन-तीन घ्या. आणि विनूच्या पुराबद्दल आम्ही काही बोललो नाही, ती गोष्ट वर्गात सांगायची की नाही हे त्याचं त्यानं ठरवायचं होतं.

सरांनी मान हलवली. पाळलं निम्मंच. पोर्शन मागे पडला की शुक्रवारचं डिस्कशनच गायब होई. पण एका शुक्रवारी कॉपीचा पेच होता: जवळचा मित्र परीक्षेत चिठ्ठी बघतोय, सांगावं का? विनू उभा राहिला आणि म्हणाला, “आय ॲम नॉट शुअर, बिकॉज ही इज माय फ्रेंड, बट अदर्स स्टडीड.” मागच्या बाकावरची एक मुलगी लगेच उठली, “आय सी युअर पॉइंट, बट...” आणि ‘बट’च्या पुढं तिला काही सुचेना. वर्ग हसला, विनूही. हे मला त्यानंच सांगितलं, त्या मुलीला कार्डाची झेरॉक्स दिली आहे हेही.

घरी पालकांनी काय करायचं, असं आईनं जाताना विचारलं. जेवताना पोराला इंग्रजीत बोल म्हणू नका. पेपरातली एखादी भानगड काढा, मराठीत भांडा, त्याचं मत उलट पडलं तरी ऐकून घ्या. मराठीत ज्याला ‘पण’ म्हणायची सवय असते त्याला ‘बट’ शिकायला फार दिवस लागत नाहीत. वडील ऐकतील का, यावर त्या काही बोलल्या नाहीत.

शेवटच्या भेटीत विनूनं वही पुढं केली. “मॅडम, हॅड टू आणि शुड हॅव, दोन्ही एकाच वाक्यात चालतात का?”

एक ओळ लिहिली होती. ‘आय हॅड टू ओबे माय फादर, बट आय शुड हॅव अनटाइड द रोप.’ ओबेच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त होतं.

चालतात, म्हटलं. त्यानं वही सॅकमध्ये घातली, चेन लावली आणि आई बाहेर बसची वेळ झाली म्हणून हाका मारत होती, तिकडे गेला.