मेरी वेदरवरून थेट पुण्याला उडता येईल का?

भावा, तुझा प्रश्न असा आहे की उजळाईवाडीच्या विमानतळावर जाऊन विमान धरण्यापेक्षा कोल्हापुरातल्या मेरी वेदर मैदानावरूनच विजेवर उभं उडणारं विमान पुण्याला का सोडू नये, आणि पाच वर्षांत हे होईल का. पुण्याचं विचारशील तर माझं उत्तर नाही. रत्नागिरीचं मात्र मनावर घेण्यासारखं आहे. का, ते जरा सविस्तर सांगतो.

नौदलात माझी बरीच नोकरी गोव्यात दाभोळीला सी हॅरियर या लढाऊ विमानांच्या देखभालीत गेली. 1983 ते 2016 ही विमानं आपल्याकडे होती. उभं उतरणारं विमान म्हणून लोक डोळे फाडून बघायचे. पण कामगिरीवर निघालेलं हॅरियर उभं उडत नव्हतं. पेगासस इंजिनाचा जोर साडेनऊ टनांच्या आसपास, आणि इंधन-शस्त्रांसह विमानाचं कमाल वजन साडेअकरा टनांच्या पुढे. उचलायचं कसं? म्हणून आयएनएस विराट या विमानवाहू जहाजाच्या डेकला पुढे चढ दिलेला होता. थोडं धावलं की पंख वजन पेलायला लागतात आणि इंजिनावरचा भार हलका होतो. परत येताना इंधन जळलेलं असायचं, तेव्हा कुठे उभं उतरणं जमायचं.

गरम हवेत तेही सोपं नव्हतं. त्यासाठी विमानात शुद्ध पाण्याची टाकी असायची, सव्वादोनशे लिटरच्या आसपास. ते पाणी इंजिनात फवारलं की इंजिन थंड राहून जास्त जोर देतं. सगळं पाणी साधारण दीड मिनिटात संपायचं. शिवाय उतरायच्या जागेवर आम्ही आधी खांद्याला खांदा लावून रांगेत चालायचो आणि खडे, स्क्रू, तारेचे तुकडे वेचायचो. खालून उसळलेला एक खडा इंजिनात गेला तर पात्यांची वाट लागते. मेरी वेदरवरची धूळ, प्रदर्शनाचे मांडव, पत्रे, कडेने लावलेल्या गाड्या डोळ्यांसमोर आण. विजेच्या यंत्राचा झोत हॅरियरइतका गरम नसेल, पण दोन-अडीच टन वजन हवेवर तोलायचं तर तेवढ्या जोराने हवा खाली ढकलावीच लागते. कुंपण घातलेली, रिकामी, पक्की जागा लागणारच. अशी जागा शहराच्या मधोमध सापडत नाही, आणि गावाबाहेर गेलं तर उजळाईवाडी काय वाईट आहे?

आता मूळ मुद्दा. भरलेली कळशी हात लांब करून धरून नुसतं उभं राहिलं तरी दंड भरून येतो, तसं हवेत एका जागी थांबणं. अंतर शून्य कापलं जातं आणि शक्ती सगळ्यात जास्त जाते. चार प्रवासी आणि एक पायलट नेणाऱ्या विजेच्या यंत्राचा माझा ढोबळ हिशेब असा, की एका जागी तरंगायला सपाट उडण्याच्या तिप्पट शक्ती लागते. पंख्यांचं एकूण क्षेत्रफळ जितकं कमी, तितका हा आकडा वाढतो. जर्मनीच्या लिलियमने पंखांत छोटे-छोटे बंदिस्त पंखे बसवले होते. दिसायला देखणं, पण हॉव्हरला, म्हणजे एका जागी तरंगायला, भूक प्रचंड. 2024 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कारण पैशाचं होतं हे खरं, पण माझ्या मते ती रचनाच महागडी होती.

त्यात आपली हवा. कोल्हापूर साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवर. एप्रिलमध्ये दुपारी 38 अंश तापमान धर. त्या वेळी हवा समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा 13-14 टक्के विरळ असते, म्हणजे तेच वजन तोलायला सात-आठ टक्के शक्ती जास्त. कंपन्यांच्या माहितीपत्रकात हे येत नाही.

बॅटरीचं म्हणशील तर आजच्या चांगल्या सेलमध्ये किलोमागे 250 ते 300 वॅट-तास मावतात. विमानाच्या इंधनात सुमारे 12,000. इंजिन त्यातली बरीचशी ऊर्जा उष्णता म्हणून घालवतं आणि मोटर फारच कमी, हे धरूनही पंधरापटीच्या आसपास फरक उरतो. आणि बॅटरी जळून हलकी होत नाही. हॅरियरला उतरताना मिळणारी सवलत इथे नाही. निघतानाचं वजन उतरतानाही तेवढंच.

म्हणून अंतर बघ. जोबी ही अमेरिकन कंपनी आपल्या यंत्राचा पल्ला 160 किलोमीटर सांगते. चाचणीत एका चार्जवर 240 च्या पुढे गेले आहेत, पण रोज प्रवासी नेणं वेगळं. पुणे इथून सरळ रेषेत दोनशेच्या वर. वर राखीव ऊर्जा हवीच, लोहगावच्या विमानतळावर जागा मोकळी नसेल तर घिरट्या घालाव्या लागतात.

इंधनावरची यंत्रं का नाहीत, असंही तू विचारलं आहेस. प्रयत्न झालेत. ब्रिटनचं फेअरी रोटोडाईन 1957 साली उडालं, चाळीसेक प्रवासी नेण्याची क्षमता होती. पात्यांच्या टोकांवरच्या जेटचा आवाज भयंकर, सरकारने हात आखडता घेतला आणि 1962 मध्ये प्रकल्प बंद झाला. एडब्ल्यू609 हे नऊ प्रवाशांचं टिल्टरोटर, म्हणजे पंखे वर करून उभं उडणारं आणि मग ते पुढे वळवून विमानासारखं जाणारं यंत्र, 2003 मध्ये पहिल्यांदा उडालं आणि वीस वर्षांनंतरही प्रमाणपत्राच्या फेऱ्यातच होतं. जमिनीपासून तीस-चाळीस मीटरवर जोर गेला तर विमानासारखं तरंगत उतरायला वेग नाही आणि पॅराशूट उघडायला उंची नाही. प्रवाशांच्या बाबतीत हे सिद्ध करून दाखवायला वर्षं जातात, आणि जायलाच हवीत.

रत्नागिरी मात्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास. रस्त्याने आंबा घाटातून जीव मेटाकुटीला येतो. रात्री हृदयविकाराचा किंवा अपघाताचा पेशंट इकडे आणायचा तर तो वेळ फार मोठा असतो. तिथे तिकिटाचा हिशेब वेगळा आहे, म्हणून पहिला उपयोग रुग्णांसाठी व्हावा असं मला मनापासून वाटतं. 2019 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हाही असं साधन हवं होतं. पण एक लक्षात ठेव, पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर ढग जमिनीला टेकलेले असतात. तेव्हा हेलिकॉप्टरही थांबतात, हेही थांबेल.

नेहमीच्या प्रवाशांसाठी माझा कल थोडी धाव घेणाऱ्या विमानांकडे आहे. अमेरिकेतल्या इलेक्ट्राने पंखांवर विजेच्या पंख्यांनी हवा मारून 100 मीटरच्या आत उड्डाण करून दाखवलं आहे. विराटवर जे बघितलं तेच हे. एवढी धावपट्टी तालुक्याच्या गावालाही करता येईल.

प्रोजेक्ट करायचाच असेल तर कोल्हापूर–रत्नागिरी घे. तापमान 38 अंश, दोन्ही टोकांना दोन-दोन मिनिटं हॉव्हर, वीस मिनिटांची राखीव ऊर्जा, आणि बॅटरीची क्षमता जुनी झाल्यावर उरते तेवढीच धर, नवी असतानाची नको. आकडे काढून इथे टाक, मी बसून तपासतो.