वाचकांचे प्रश्न : पीकेजीसोर्स बसवताना

(कमांड, फाइल आणि डिरेक्टरी यांची नावे या सदरात देवनागरीत छापली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करावयाची आहेत.)

प्रश्न : मला मॅकओएस, लिनक्स आणि नेटबीएसडी अशा तीन प्रणालींवर आलटून पालटून काम करावे लागते. प्रत्येकीचा पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर बसवणारे साधन) वेगळा असल्याने एकाच साधनाच्या तीन निरनिराळ्या आवृत्त्या वाट्याला येतात. तिन्हीकडे पीकेजीसोर्स (अनेक प्रणालींवर चालणारी एकच पॅकेज व्यवस्था) बसवावे असा विचार आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : पीकेजीसोर्सचा जन्म 1997 साली नेटबीएसडी प्रकल्पात झाला. फ्रीबीएसडीची पोर्ट्स ही व्यवस्था त्याचा पाया होती. नेटबीएसडी अनेक प्रकारच्या यंत्रांवर चालत असल्यामुळे कोणतीही गोष्ट गृहीत न धरण्याची सवय या व्यवस्थेला आरंभापासूनच लागली आणि पुढे ती लिनक्स, मॅकओएस, सोलारिस व इतर अनेक युनिक्सवजा प्रणालींवर पोहोचली. प्रत्यक्षात पीकेजीसोर्स म्हणजे डिरेक्टऱ्यांचे एक मोठे झाड आहे. त्यातील प्रत्येक पॅकेजच्या डिरेक्टरीत मूळ सोर्स कोड कोठून आणावा, त्याचा चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का हे पडताळणारा आकडा) काय असावा, त्यात कोणते पॅच (दुरुस्त्या) घालावेत आणि तो कसा कंपाइल करावा, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात कसा आणावा, एवढीच माहिती असते.

हे झाड संगणकावर उतरवून घेणे हे सर्वांत सोपे काम आहे. त्यासाठी चालू तिमाहीची शाखा घ्यावी. वर्षातून चार शाखा निघतात आणि त्यांची नावे वर्ष व तिमाही यांवरून पडतात, उदाहरणार्थ 2024क्यू1. तिन्ही संगणकांवर एकच शाखा घेतली की आवृत्त्यांचा आपला प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो. यंत्रावर सी कंपायलर असावा लागतो. मॅकओएसवर तो एक्सकोडच्या कमांड लाइन टूल्समधून मिळतो, तर लिनक्सवर कंपायलरसोबत सी लायब्ररीच्या हेडर फाइल्सचे पॅकेजही वेगळे बसवावे लागते. अनेकांची पहिली अडखळण येथेच होते.

यानंतर झाडातील बूटस्ट्रॅप डिरेक्टरीत जाऊन त्याच नावाची स्क्रिप्ट चालवायची असते. ही पायरी नेटबीएसडीवर लागत नाही, कारण आवश्यक साधने तेथे मूळ प्रणालीतच असतात. इतरत्र लागते, कारण मेक हा, मेकफाइलमधील सूचना वाचून कंपाइल करण्याच्या पायऱ्या पार पाडणारा प्रोग्राम सगळीकडे सारखा नसतो. लिनक्सवरील ग्नू मेक आणि बीएसडी परंपरेतील मेक यांचे व्याकरण वेगळे असल्याने पीकेजीसोर्स आधी स्वतःचा मेक तयार करून घेते, त्याला बीमेक हे नाव देते, आणि पॅकेजांची नोंद ठेवणारी लहान साधने त्याच्या जोडीला बसवते. सामान्य यंत्रावर याला काही मिनिटे लागतात. मध्येच काही बिघडून स्क्रिप्ट पुन्हा चालवावी लागली, तर आधीच्या प्रयत्नात तयार झालेली वर्क डिरेक्टरी प्रथम काढून टाकावी.

मात्र स्क्रिप्ट चालवण्यापूर्वी एक निर्णय आपल्याला घ्यावा लागतो आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपात शांतपणे विचार करण्यासारखा निर्णय तेवढा एकच आहे : प्रीफिक्स कोणता असावा? प्रीफिक्स म्हणजे ज्या डिरेक्टरीखाली पीकेजीसोर्सचे सर्व काही राहणार ती जागा. काहीच सांगितले नाही तर ती बहुधा /यूएसआर/पीकेजी ठरते. अलीकडच्या मॅकओएसमध्ये /यूएसआर संरक्षित असल्यामुळे तेथे /ऑप्ट/पीकेजी वापरली जाते. ही जागा पुढे बदलता येईल, असे समजून लोक पहिल्या दिवशी कोणताही मार्ग देऊन मोकळे होतात. मीही तेच केले होते. डिस्क भरत आली तेव्हा संपूर्ण डिरेक्टरी दुसऱ्या डिस्कवर हलवली, आणि त्यानंतर उघडावा तो प्रोग्राम लायब्ररी सापडत नसल्याची तक्रार करू लागला.

त्याचे कारण असे, की प्रोग्राम लिंक होताना, म्हणजे लायब्ररींशी (तयार सामायिक कोडच्या फाइलींशी) जोडला जाताना, आपल्या लायब्ररी कोणत्या डिरेक्टरीत शोधायच्या याचा पूर्ण मार्ग त्याच्या फाइलमध्येच कोरला जातो. कॉन्फिगरेशन फाइल्सचे मार्ग कंपाइल होताना आत जातात आणि पर्ल किंवा पायथनच्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतही इंटरप्रिटरचा संपूर्ण पत्ता असतो. म्हणून प्रीफिक्स बदलणे म्हणजे सर्व पॅकेज नव्याने कंपाइल करणे होय. ही जागा केवळ पीकेजीसोर्ससाठी राखलेली असावी, तिच्या मार्गात रिकामी जागा नसावी आणि ती पुरेशा मोठ्या डिस्कवर असावी. /यूएसआर/लोकल मात्र देऊ नये. इतर अनेक प्रोग्राम हक्काने तेथेच उतरतात आणि कोणती फाइल कोणाची हे काही महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही.

प्रश्न : ज्या सर्व्हरवर मी काम करतो तेथे मला रूटचे (सर्वाधिकारी यूजरचे) अधिकार नाहीत. तरीही पीकेजीसोर्स बसवता येईल का?

उत्तर : येईल. बूटस्ट्रॅप चालवताना अनप्रिव्हिलेज्ड हा पर्याय द्यावा. वेगळा प्रीफिक्स न दिल्यास सर्व काही आपल्या होम डिरेक्टरीतील पीकेजी या डिरेक्टरीत बसते आणि प्रत्येक फाइल आपल्याच मालकीची राहते. ज्या पॅकेजांना सेटयूआयडी (चालवणाऱ्याच्या नव्हे तर फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालणारा) प्रोग्राम किंवा स्वतःचा वेगळा यूजर लागतो, ती या पद्धतीत नीट चालणार नाहीत. एडिटर, भाषांचे कंपायलर, शोधसाधने यांना त्याची झळ लागत नाही. आपली होम डिरेक्टरी नेटवर्कवरून अनेक यंत्रांवर दिसत असेल आणि ती यंत्रे वेगवेगळ्या प्रणालींची असतील, तर प्रत्येक प्रणालीसाठी स्वतंत्र प्रीफिक्स ठेवावा.

प्रश्न : बूटस्ट्रॅप यशस्वी झाल्याचा संदेश आला, परंतु पॅकेजच्या डिरेक्टरीत ‘मेक इन्स्टॉल’ दिल्यावर ‘मिसिंग सेपरेटर’ अशी चूक दिसते. झाड अर्धवट उतरले असेल का?

उत्तर : झाड बहुधा व्यवस्थित आहे. ग्नू मेकला बीएसडी पद्धतीची मेकफाइल वाचायला दिली की तो हीच तक्रार करतो. कमांड ‘बीमेक इन्स्टॉल’ अशी द्यावी. ती सापडत नसेल, तर प्रीफिक्सखालील बिन आणि एसबिन या दोन डिरेक्टऱ्या शेलच्या पाथमध्ये (कमांड जेथे शोधल्या जातात त्या डिरेक्टऱ्यांच्या यादीत) जोडावयाच्या राहिल्या आहेत. त्या पाथच्या आरंभी ठेवल्यास पीकेजीसोर्सचे प्रोग्राम आधी सापडतात, शेवटी ठेवल्यास मूळ प्रणालीचे. आपल्याला नव्या आवृत्त्याच वापरायच्या असल्याने आरंभी ठेवणे सोयीचे. रूटच्या पाथमध्ये मात्र मी त्या शेवटीच ठेवतो. लायब्ररी सापडाव्यात म्हणून एलडी लायब्ररी पाथ हे व्हेरिएबल भरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. लायब्ररीचा मार्ग प्रोग्राममध्ये आधीच कोरलेला असतो आणि या व्हेरिएबलमुळे मूळ प्रणालीचे प्रोग्रामही चुकीच्या लायब्ररी उचलू लागतात.

प्रश्न : एक लहानसा प्रोग्राम बसवायला घेतला आणि त्याने पर्लपासून सुरुवात केली. पर्ल तर माझ्या लिनक्सवर आहेच. रात्रभर यंत्र कंपाइल करत होते. हे टाळता येत नाही का?

उत्तर : अंशतः टाळता येते, पण सर्वस्वी टाळू नये असे मी म्हणेन. पीकेजीसोर्स कंपाइल करताना कंपायलरभोवती एक वेष्टन घालते आणि पॅकेजने जाहीर केलेल्या लायब्ररीच त्याला दिसू देते. प्रणालीत योगायोगाने पडून असलेली एखादी लायब्ररी परस्पर जोडली जाऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे. तिन्ही यंत्रांवर सारखेच फळ मिळते ते याच कडकपणामुळे. काही लायब्ररींच्या बाबतीत मूळ प्रणालीची प्रत वापरण्याची मुभा आहे आणि त्यासाठी एमके डॉट कॉन्फ या फाइलमध्ये प्रीफर नेटिव्ह हे व्हेरिएबल असते. परंतु त्या प्रणालीने उद्या अपग्रेडमध्ये ती लायब्ररी बदलली, तर तिच्यावर उभे असलेले आपले पॅकेजही कोलमडते.

वेळ वाचवण्याचे अधिक निर्धोक उपाय त्याच फाइलमध्ये आहेत. मेक जॉब्जला प्रोसेसरच्या कोअरइतकी संख्या द्यावी. कंपाइल होण्याची जागा, म्हणजे वर्क ऑब्जेक्ट डिरेक्टरी, वेगवान डिस्कवर न्यावी. ती /टीएमपीमध्ये ठेवताना मात्र सावध राहावे. काही यंत्रांवर तेथून प्रोग्राम चालवण्यास मनाई असते आणि मग कंपाइल झालेला प्रोग्राम चालत नाही, अशी बुचकळ्यात टाकणारी चूक, लहान चाचणी प्रोग्रामाने कंपायलर तपासून पाहिला जातो त्या कॉन्फिगरच्या टप्प्यावरच येते.

काही प्रणालींसाठी तयार बायनरी पॅकेजही उपलब्ध असतात आणि पीकेजीइन या साधनाने ती क्षणात उतरवता येतात. अट एवढीच, की ती ज्या प्रीफिक्ससाठी बनवली आहेत तोच आपलाही असला पाहिजे. बायनरी पॅकेजच वापरायची असतील, तर स्वतः बूटस्ट्रॅप करण्याऐवजी ती पुरवणाऱ्यांनी दिलेला तयार बूटस्ट्रॅप संच उलगडावा.

प्रश्न : पॅकेज अद्ययावत कशी ठेवावीत? आणि हे सारे नकोसे झाल्यास पूर्णपणे काढता येते का?

उत्तर : कंपाइल करून बसवलेल्या पॅकेजांसाठी पीकेजी रोलिंग रिप्लेस हे साधन आहे. ते जुनी झालेली पॅकेज अवलंबित्वाच्या क्रमाने एकेक करून बदलते. बायनरी पॅकेजांसाठी ‘पीकेजीइन अपग्रेड’ पुरते. पीकेजी ॲडमिनकडून सुरक्षा-दोषांची यादी आणवून तिच्याशी बसवलेली पॅकेज ताडून पाहता येतात आणि हे काम क्रॉनकडे (ठरलेल्या वेळी कमांड चालवणाऱ्या साधनाकडे) सोपवून द्यावे. तिमाही शाखा बदलताना पाचपन्नास पॅकेज नव्याने कंपाइल होतील, हे धरूनच वेळ निवडावी.

काढून टाकणे सोपे आहे, पण ते जागा राखीव ठेवली असेल तरच. पॅकेजांची नोंदवहीसुद्धा सहसा प्रीफिक्सच्या आतच असते, त्यामुळे ती डिरेक्टरी आणि पाथमध्ये जोडलेली ओळ काढली की काम झाले. तत्पूर्वी आपले लॉगिन शेल कोणते आहे ते मात्र पाहून घ्यावे. ते प्रीफिक्समधील बॅश किंवा झेडएसएच असेल, तर आधी चेंज शेलच्या कमांडने मूळ प्रणालीचे शेल परत लावावे, अन्यथा डिरेक्टरी पुसल्यानंतर त्या यंत्रावर पुन्हा लॉगिनच करता येणार नाही.