'गॅनेट'वर इंजिन असूनही शिडं का, आणि मूळचं किती उरलंय?

इंग्लंडमधल्या चॅटमच्या गोदीतलं ब्रिटिश नौदलाचं जुनं जहाज 'एचएमएस गॅनेट' बघून आल्यावर तुम्ही विचारलंय की वाफेचं इंजिन असताना तीन डोलकाठ्या कशाला, आणि यातलं खरं जुनं किती?

डोलकाठ्यांचं कारण कोळसा. 1878 साली इंग्लंडमधल्या शीअरनेसला पाण्यात उतरलेला हा स्लूप, म्हणजे छोटी युद्धनौका, पुढच्याच वर्षी पॅसिफिकला गेला. तिथे कोळसा मिळणार मोजक्याच बंदरांत आणि तोही महाग. म्हणून लांबचा पल्ला शिडांवर मारायचा. वारा पडला, बंदरात शिरायचं असलं किंवा लढायची वेळ आली, तरच बॉयलर पेटवायचे. शिडांवर चालताना पाण्यातला पंखा (जहाज ढकलणारा प्रोपेलर) नुसता वेग खातो, म्हणून तो चक्क वर उचलून घेत. धुराडंही एकात एक सरकवून खाली बसवता येई.

फासळ्या लोखंडी, वरून सागाच्या फळ्या, ही रचनाही तितकीच हुशारीची. तांब्याचा पत्रा मारला की तळाला शेवाळ-शंखशिंपले धरत नाहीत. पण खाऱ्या पाण्यात तांबं लोखंडाला भिडलं तर लोखंड झपाट्यानं खातं. मध्ये साग आला की प्रश्न मिटला.

खरी लढाई म्हणाल तर 1888 मध्ये सुदानच्या सुआकिन बंदरापाशी, तिथला बंडखोर सेनानी उस्मान दिग्ना याच्या फौजेवर तोफा डागल्या तेवढीच. बाकी तांबड्या समुद्रात गुलामांच्या व्यापारावर पाळत, मग सागरी सर्वेक्षण. 1895 ला नौदलातली धावपळ संपली.

एरवी अशी जहाजं भंगारात जायची. हे वाचलं ते पडेल ती कामं केल्यामुळे. आधी एका रेल्वे कंपनीकडे लोकांच्या राहण्यासाठी, 1903 पासून 'प्रेसिडेंट' नावानं लंडनमध्ये राखीव नौसैनिकांच्या कवायतीसाठी, आणि 1913 पासून हँबल नदीवर सी. बी. फ्राय यांच्या 'मर्क्युरी' प्रशिक्षण शाळेतल्या मुलांसाठी. हो, तेच क्रिकेटपटू फ्राय, ससेक्सकडून रणजींबरोबर खेळलेले! शाळेचा कडक कारभार मात्र त्यांच्या पत्नी बिआट्रिस बघत. 1968 ला शाळा बंद पडली.

1987 मध्ये जहाज चॅटमला आलं आणि पुढे त्याला 1888 चं रूप दिलं गेलं. सांगाडा आणि सागवानी अंग यांत बरंच मूळचं आहे. डोलकाठ्या, दोरखंड, धुराडं नवं. 1888 निवडणं मला पूर्ण पटत नाही. नौदलात धावलं सोळा वर्षं, शाळेची मुलं राहिली पंचावन्न वर्षं! पण तोफा बघायला गर्दी होते, हेही खरंच.